अण्णांचा उजवा पाय

माघातल्या एका सकाळी आमच्या वडिलांचा उजवा पाय गंगेत वाहून गेला. जीवितहानी झाली नाही.

मी त्या काळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, बनारसच्या एका हिंदी सांजदैनिकात शहर-वार्ताहर होतो. काय घडले, कुठे घडले, कोणी पाहिले एवढेच लिहायचे आणि स्वतःला मध्ये आणायचे नाही, हे मला तिथे शिकवले गेले. त्याच शिस्तीने हा वृत्तान्त लिहीत आहे. (स्वतःला मध्ये न आणण्याचा प्रयत्न करीन. तो फार वेळ टिकणार नाही.)

आमचे घर ब्रह्माघाटाजवळ. दशाश्वमेध घाटावर अण्णांची लाकडी चौकी आणि तिच्यावर बांबूची मोठी छत्री. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे सगळे विधी तिथे अण्णा सांगत. अण्णांना मधुमेह होता आणि घाटावर अनवाणी वावरायची सवय होती. पायाला काहीतरी लागले, चिघळले आणि अखेर डॉक्टरांना उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यानंतर अण्णांनी छत्री मिटवून घरी आणवली आणि जिन्याखाली उभी करून ठेवली. कुबडी घेऊन बसायला काय हरकत आहे, असे आम्ही सगळे विचारत होतो.

"यजमान येतो तो गुरुजींचे पाय धुतो, गंध लावतो, डोकं टेकतो," अण्णा म्हणाले. "मी त्याला काय देऊ? एक पाय आणि एक काठी? अर्ध्या विधीचे पूर्ण आशीर्वाद द्यायची मला लाज वाटते."

यावर तोडगा फक्त माझ्या धाकट्या बहिणीजवळ होता.

वैजू इंजिनिअर झाली होती आणि त्यावर विद्यापीठात बायोइंजिनिअरिंगचे एम.टेक. करत होती. हे प्रकरण नेमके काय असते, ते आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या नावात कुठेतरी डॉक्टर आहे आणि कुठेतरी मिस्त्री आहे, एवढेच लोकांना समजले होते. शेजारणी एका हातात बंद पडलेला मिक्सर आणि कडेवर तापाने फणफणलेले मूल घेऊन येत. "बेटी, दोनों देख ले."

"पुढे तू होणार तरी काय?" आई विचारायची.

"हॉस्पिटलची मशीनं बनवीन. नाहीतर हृदयाच्या झडपा, सांधे, हात, पाय. रिसर्च करीन. पुण्या-बंगलोरकडे कंपन्या निघतायत आता."

"म्हणजे डॉक्टर?"

"नाही ग."

"इंजिनिअर?"

"थोडीशी."

"मग स्थळाला सांगू काय?"

"सांग, मुलगी सुटे भाग बनवते."

तर या सुट्या भागांच्या मुलीने प्रकल्पासाठी विषय घेतला तो अण्णांचा पाय. बाजारात कृत्रिम पाय मिळत होते, पण त्यांचे पट्टे चामड्याचे. "कमरेखाली चामडं बांधून मी संकल्प सांगू?" अण्णांनी एका वाक्यात बाजार बाद केला. मग वैजूने पोकळ प्लास्टिकची नडगी केली, तिच्या टोकाला स्पंजरबराचे पाऊल बसवले आणि वर चामड्याऐवजी रबराचा घट्ट मोजा आणि सुती पट्टा. मांडी घालता येईल, उकिडवे बसता येईल, घाटाच्या पायऱ्या चढता येतील असा हिशेब तिने केला. वह्यांवर वह्या भरल्या. मला त्यातले काहीच कळले नाही. पण रात्रंदिवस ज्या मुलीच्या तोंडी फक्त अण्णांचा गुडघा आहे, तिच्याबद्दल घरात काळजीने बोलले जाऊ लागले.

पावलाच्या साच्याला नमुना हवा होता. अण्णांचे उजवे पाऊल उरलेले नव्हते, म्हणून माझे घेतले. तिने माझा पाय प्लास्टरमध्ये बुचकळून तासभर बसवून ठेवला.

"दादा, बोट सरळ कर ना."

"होत नाही."

माझे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यावर किंचित चढलेले आहे. वैजूने ते साच्यात सरळ करायचे ठरवले होते, पण आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे. ह्यांचंही तसंच होतं."

पाऊल तयार होऊन घरी आले तेव्हा अण्णांनी ते मांडीवर घेतले. त्या चढलेल्या बोटावरून नुसता हात फिरवत राहिले. मग चष्मा पुसायला आत गेले. (कुबडीवर. चष्मा डोळ्यांवरच होता.)

त्यानंतर धर्मशास्त्राचा प्रश्न उपस्थित झाला. आमच्या शेजारचे शास्त्रीबुवा मुद्दाम येऊन पाय पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी शंका घेऊन परतले.

"अण्णा, देवळात हा आत न्यायचा की बाहेर काढायचा? रबर पायात घालतात त्याला आपण चप्पल म्हणतो."

"चपलेला बोटं असतात का, शास्त्रीबुवा?"

"नसतात."

"नखं?"

"नसतात."

"मग हा पाय."

"पण पाय म्हणावा तर रोज स्नान..."

"घालू की. तुमच्याआधी उठतो तो."

शास्त्रीबुवांनी पोहे खाल्ले आणि पायाला मान्यता दिली.

वैजूची तोंडी परीक्षा ठरली. बाहेरून परीक्षक येणार आणि पाय ज्याचा त्याने तो घालून त्यांच्यासमोर चालून दाखवायचे. ते झाले नाही तर प्रकल्प अपुरा, म्हणजे वर्ष गेलेच. घरात अण्णा उत्तम चालत होते. दारातल्या पायऱ्या चढत होते. पण परीक्षेला यायचे ते कबूल करीनात.

"आदल्या दिवशी मी घाटावर बसून बघणार," शेवटी त्यांनी सांगितले. "चार माणसांत निभावलं तर दुसऱ्या दिवशी तुझ्या साहेबांसमोर म्हणशील तेवढं चालीन. घाटावर हसं झालं, तर हा पाय तुझा तू घेऊन जा आणि छत्री भंगारात दे. मग मला काही विचारायचं नाही."

"अण्णा, पाण्याची टेस्ट झाली नाही हो अजून."

"मी बसायला जातोय. पोहायला नाही."

छत्री जिन्याखालून निघाली.

यापुढचा भाग प्रत्यक्षदर्शींच्या, म्हणजे आईच्या, सांगण्यावरून.

अण्णा चौकीवर बसले, धोतर नीट केले आणि पहिलेच यजमान आले ते कऱ्हाडकडचे शंकरराव आणि त्यांची बायको. शंकरराव म्हणजे जुने पैलवान. अण्णांनी त्यांना पायाबद्दल काहीही सांगितले नाही. त्यांना तेच तर बघायचे होते. कोणाच्या लक्षात येते का. शंकररावांनी परात ओढली, गुरुजींची दोन्ही पावले तिच्यात घेतली आणि धुवायला सुरुवात केली.

"गुरुजी, ह्यो उजवा पाय लई गार हाय वो."

"माघ आहे, शंकरराव."

"आन डावा कोमट हाय की!"

"त्या बाजूला ऊन येतं."

शंकररावांचे समाधान झाले. आईच्या म्हणण्याप्रमाणे अण्णा त्या वेळी लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे दिसत होते.

पण शंकररावांच्या बायकोचे समाधान झाले नव्हते. "नुसतं पाणी काय वतताय? एवढ्या लांबनं आलोय न्हवं? दूध लावा, मध लावा. आन घरचं तूप आणलंय ते कशाला?" मग दूध झाले, दही झाले, मध झाला, गंध, कुंकू, अक्षता झाल्या आणि शेवटी घरच्या गाईच्या तुपाचा डबा उघडला गेला. शंकररावांनी तळहातावर तूप घेतले आणि तालमीत वस्तादांचे पाय रगडावेत तसे घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत रगडू लागले. वैजूच्या प्रबंधात रबराचे घर्षण होते, घामाचे होते, धुळीचे होते. तुपाचे नव्हते.

शंकररावांनी भक्तिभावाने एकदा खालच्या दिशेला हात ओढला, आणि पाय त्यांच्या हातात आला.

त्यांनी पायाकडे पाहिले. मग गुरुजींकडे पाहिले. मग पुन्हा पायाकडे.

"आवं गुरुजी..." त्यांचा आवाज तुपापेक्षा मऊ झाला होता. "पाय आला की वो!"

"घाबरू नका. द्या इकडे," अण्णा म्हणाले.

पण द्यायला शंकररावांचे हात रिकामे नव्हते. ते दोन्ही हात जोडून, पाय टाकून, चौकीपुढे आडवे झाले होते. "म्या बामनाचा पाय उपटला! काशीत येऊन पाय उपटला!" त्यांची बायको त्यांना मारत होती आणि रडत होती. पाय तुपात माखलेला. तो पायरीवरून घसरला, खालच्या पायरीवर आपटला, तिथून खालच्या, आणि तसाच शेवटपर्यंत गेला. (आधाराशिवाय पायऱ्या उतरणे हा प्रबंधातला सर्वांत अवघड टप्पा होता. पायाने तो पहिल्याच दिवशी, अण्णांशिवाय, पार केला.) खाली न्हाणाऱ्या बायका किंचाळून बाजूला झाल्या आणि पाय गंगेत शिरला.

बुडाला नाही. बोटे वर करून निघाला.

नावाड्यांना समजेपर्यंत तो नावांच्या गर्दीतून पलीकडे गेला होता. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून जाताना त्याची कोणी दखल घेतली नाही. तिथल्या लोकांना याहून मोठे बघायची सवय आहे. पुढे संकठा घाटाला बांधलेल्या एका नावेच्या दोराला तो अडकला. बोटांना गंध, अक्षता, वरच्या तोंडाशी लाल कुंकू ओघळलेले. बघता बघता गर्दी जमली.

आता, त्या गर्दीतल्या एकाने जरी पायाला बोट लावले असते, तरी ते रबर आहे हे समजले असते. पण मेलेल्या माणसाचा अवयव शिवला म्हणजे पुन्हा स्नान आले; आणि माघाच्या त्या थंडीत दुसऱ्यांदा गंगेत उतरायची कोणाची तयारी नव्हती. बायकांनी, असेना का कोणाचा, म्हणून लांबून फुले टाकली. दरोगाजी, म्हणजे तिथले फौजदार, आले. त्यांचेही स्नान झालेले होते. त्यांनी पाय लांब बांबूने पायरीवर ओढला, त्यावर कोणाचातरी गमछा टाकला आणि पंचनामा वरच्या पायरीवरून केला.

इथे माझा या घटनेत प्रवेश होतो.

आमचे सांजदैनिक दुपारी छपाईला जायचे. त्याच्या थोडे आधी आमचा घाटावरचा बातमीदार तिवारी याचा फोन आला.

"भैया, टांग मिली है!"

"किसकी?"

"अरे, यही तो खबर है!"

मी त्याला शांत केले. ऐकीव काही लिहायचे नाही, तपशील अचूक हवा, असे मी नवीन मुलांना रोज सांगत असे. तेव्हा मी तिवारीची उलटतपासणी घेतली. कुठला पाय? उजवा. कुठून तुटला? गुडघ्याखालून, एकदम साफ. ("बड़ा पक्का हाथ है, भैया.") रक्त? लाल-लाल आहे काहीतरी. आणखी काही? गंध, कुंकू, अक्षता, आणि फुलेही. ओळखीची काही खूण?

"है ना. अंगूठे के बगल वाली उँगली अंगूठे पर चढ़ी हुई है."

मी ते लिहून घेतले. लिहिताना टेबलाखाली माझे बोट अंगठ्यावर चढलेले होते.

दरोगाजींच्या अंदाजाने पाय तिशीतल्या, गोऱ्या, चांगल्या घरच्या जवानाचा होता. मी 'देखणा' हा शब्द माझ्या वतीने घातला. कुंकू आणि अक्षता यांवरून तांत्रिक विधीचा संशय व्यक्त केला. तो कोणी व्यक्त केला ते लिहिले नाही, कारण तो मीच केला होता. पहिल्या पानावर, चौकटीत बातमी गेली. यंत्र सुरू झाले. मी चहा मागवला.

तेवढ्यात वैजू आली. सायकल दारातच आडवी टाकलेली, केस विस्कटलेले. ती विभागात प्रबंधाच्या प्रती काढत होती, तिथे आईने पीसीओवरून फोन केला होता. पाय घाटावरून वाहून गेला, एवढे सांगेपर्यंत आईला रडू कोसळले आणि फोन बंद झाला.

"दादा, 'हरवले आहे' म्हणून छाप ना. आजच्या पेपरात. एकदम अर्जंट."

"काय हरवलं?"

"अण्णांचा पाय. घाटावरून वाहून गेला. उद्या माझी परीक्षा आहे रे!"

"अरेरे," मी मनापासून म्हणालो. "छोट्या जाहिराती पलीकडच्या टेबलावर दे. पण आज जागा मिळणं मुश्किल आहे. संकठा घाटावर पाय सापडलाय."

वैजू माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले तिला बातमीचे महत्त्व कळले नाही, म्हणून मी नुकताच छापून आलेला ओला अंक तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला. सावकाश वाचला.

"दादा, बूट काढ."

"काय?"

"उजवा. मोजा पण."

कचेरीतली सगळी टंकलेखन यंत्रे थांबली. मी मोजा काढला. वैजूने बातमीतली ओळ मोठ्याने वाचली आणि माझ्या पायाकडे बोट केले. बूट घालायच्या आधीच मला सगळे समजले होते. पण तोवर खालून पोरांचे आवाज येऊ लागले होते. अंक रस्त्यावर पोचला होता. "गंगा में मिली जवान की टांग! तांत्रिक का हाथ!"

सायकलवर वैजू पुढे आणि मागे कॅरिअरवर मी, असे आम्ही चौकापर्यंत गेलो आणि तिथून गल्ल्यांतून पळत संकठा घाट गाठला. घाटावर निम्मे लोक पाय बघत होते आणि निम्मे माझी बातमी वाचत होते. वैजू सरळ पायऱ्या उतरली, गमछा बाजूला केला, पाय उचलला आणि काखेत मारला. गर्दीतून "हाय राम!" असा एकच आवाज उठला. एक म्हातारी खालीच बसली.

"ए लड़की! रख उसको! सबूत है!" दरोगाजी ओरडले.

"सबूत नहीं है. प्रोजेक्ट है."

तिने पायाचे बोट वाकवून दाखवले. मग टाच दाबली. मग तळव्यावर टिचकी मारली. दरोगाजी दोन पायऱ्या खाली आले, बघितले आणि खजील होण्याऐवजी चिडले. सकाळपासूनचा पंचनामा, वर वर्तमानपत्रातही छापून आलेले. ("और छपा है तो कुछ तो होगा!") पाय रबराचा असला तरी बेवारस माल आहे, असे त्यांनी ठरवले. "जिसकी टांग है, उसको बुलाइए. पहन के दिखाए, तब ले जाइए."

मी नाव करून दशाश्वमेधला गेलो.

अण्णा चौकीवर तसेच बसून होते. छत्री उघडी होती. पण त्यांनी धोतर असे ओढून घेतले होते, की कोणाला काही दिसू नये. शंकरराव पायरीवर हात जोडून. त्यांनी सकाळपासून पाणी घेतले नव्हते. आई त्यांना पेढा भरवत होती आणि स्वतः रडत होती. सगळा घाट लांब उभा राहून बघत होता.

"अण्णा, पाय सापडला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "परत करून टाक वैजूला. मी सांगितलं होतं. हसं झालं."

"पण पोलिसांनी तुम्हाला बोलावलंय."

"मला? कशाला?"

"ओळख पटवायला. म्हणजे... पायाची."

"पोलीस कशाला आले मध्ये?"

सांगणे भाग होते. सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे वाटले. मी अंक त्यांच्या हातात दिला. अण्णांनी चष्मा लावला आणि चौकटीतली बातमी पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली. 'चांगल्या घरचा जवान' इथे त्यांचे ओठ हलले. 'देखणा' इथे त्यांनी चष्म्यावरून माझ्या पायाकडे बघितले. 'तांत्रिक' वाचून त्यांनी शंकररावांकडे बघितले. त्या सरळ माणसाच्या मिशीला अजून तूप लागलेले होते.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"स्वतःचा पाय ओळखला नाहीस?"

"फोनवर होतो अण्णा."

अण्णांच्या खांद्यांना आधी हादरा बसला. मला वाटले त्यांना काहीतरी होते आहे. मग छत्री हलली. मग आवाज फुटला. पाय गेल्यापासून घरात कोणी त्यांना हसताना ऐकले नव्हते. आईने पेढा हातातच धरून तोंडाला पदर लावला. अण्णांनी डोळे पुसत अंक शेजारच्या चौकीवर दिला. "वाचा, वाचा! आमच्या थोरल्याने लिहिलंय!" शेजारच्यांनी मोठ्याने वाचला. अंक चौकीवरून चौकीवर गेला आणि त्याबरोबर हसू पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेले. हसे झाले होते यात शंका नव्हती. फक्त ते अण्णांचे नव्हते.

"चला शंकरराव," अण्णा म्हणाले. "पाय काढलात तुम्ही, आता घालायला तुम्हीच न्या."

शंकररावांनी त्यांना पाठंगुळीला घेतले, नावेत बसवले, संकठा घाटावर उतरवले आणि पायऱ्या चढून दरोगाजींसमोर ठेवले. एवढ्या अंतरात ते फक्त एकदा बोलले. "गुरुजी, वजन कायबी न्हाई वो तुमचं." "एक पाय कमी आहे," अण्णा म्हणाले.

वैजूने पायाचे तूप स्वतःच्या ओढणीने पुसले. गुडघ्याखाली मोजा चढवला. तिने वर पाहिले नाही.

"अण्णा, नको असेल तर राहू दे. मी पुढच्या वर्षी देईन परीक्षा."

"पट्टा ओढ अजून," अण्णा म्हणाले. "बघतायत सगळे."

ते उभे राहिले. दरोगाजी म्हणाले, "चल के दिखाइए." अण्णांनी आधी उजवा पाय टाकला. मग डावा. मग, कोणी सांगितले नव्हते तरी, पायऱ्या चढायला लागले. एकेक पायरी, हात कोणाच्या खांद्यावर नाही. आई मागून, शंकरराव आणि त्यांची बायको त्यांच्या मागून. वर संकठादेवीच्या देवळाच्या दाराशी अण्णा थांबले. लोक आपापल्या चपला काढत होते. अण्णांनी क्षणभर उजव्या पायाकडे बघितले आणि दोन्ही पायांनी आत गेले. दरोगाजींनी पंचनाम्याचा कागद फाडला, खाली जाऊन नदीत सोडला आणि मग, काय वाटले कोण जाणे, त्यांनीही वर येऊन दर्शन घेतले.

दुसऱ्या दिवशी विभागातल्या लांब खोलीत अण्णा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले, मांडी घालून बसले आणि उठले. मला दारापाशी खुर्ची दिली होती. परीक्षक बाहेरगावचे, फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी वैजूला चामडे का टाळले ते विचारले, तिने सांगितले. घर्षणाचे विचारले; तिने सांगितले, आणि तुपाचे प्रकरण पुढच्या प्रतीत येईल असे कबूल केले.

"पानी में टेस्ट किया?"

"जी सर. दशाश्वमेध से संकठा घाट तक."

परीक्षकांनी हे लिहून घेतले. मग फाईलखालून आमच्या पेपरचा कालचा अंक काढला आणि चौकटीवर पेन ठेवले.

"और ये महाशय कौन हैं, जिन्होंने ये लिखा है?"

वैजू छताकडे बघू लागली. अण्णांनी दारापाशी माझ्याकडे हात केला.

"मेरा बड़ा लड़का है."

परीक्षकांनी मला आपादमस्तक पाहून घेतले. नंतर ते अण्णांकडे वळले. "पंडितजी, टांग में और कुछ सुधार चाहिए?"

"टांग तो बहुत बढ़िया है," अण्णा म्हणाले. मग जरा पुढे झुकले आणि, घरातली नाजूक गोष्ट डॉक्टरांना विचारावी तसे, आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "आपके यहाँ सिर भी बनता है क्या? इसके लिए पूछ रहा था."

"अभी रिसर्च चल रहा है, पंडितजी," परीक्षक गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी वैजूला पास केले.

वैजू पुढे पुण्याला गेली. तिथे ती आता गुडघे बनवते. अण्णा अखेरपर्यंत चौकीवर बसले. यजमानांना पाण्याशिवाय काही लावू देत नसत. दर दिवाळीला वैजू घरी आली, की मी तिच्याकडे डोक्याची चौकशी करतो.

"बनलं की पहिलं तुलाच बसवणार, दादा," ती म्हणते. "तुझी केस सगळ्यात सोपी आहे. आधीचं काढावं लागणार नाही."